६ जूनचा दिनविशेष: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेचा फळा, ग्रामपंचायतीची भिंत, व्हॉट्सॲपचा गट, वृत्तपत्राचे दुसरे पान, सगळीकडे दिनविशेष असतो. त्यातली ६ जून ही तारीख फार उपयोगाची आहे, कारण दिनविशेष लिहिताना जेवढ्या चुका होऊ शकतात तेवढ्या जवळजवळ सगळ्या या एकाच तारखेवर झालेल्या सापडतात.

६ जूनला नोंदवण्यासारख्या घटना कोणत्या?

आपल्याकडे पहिली नोंद अर्थातच रायगडावरच्या शिवराज्याभिषेकाची, १६७४. जगाच्या इतिहासात दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, दोस्त सैन्य फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरले तो हा दिवस. स्वीडनचा राष्ट्रीय दिन हाच. १८४४ मध्ये जॉर्ज विल्यम्स यांनी लंडनमध्ये वाय.एम.सी.ए. स्थापन केली. रशियन कवी पुश्किन (१७९९), जर्मन कादंबरीकार टोमास मान (१८७५), अभिनेते आणि मुंबईचे खासदार सुनील दत्त (१९२९), टेनिसपटू ब्यॉन बोर्ग (१९५६) यांचे जन्म याच तारखेचे. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग १९६१ मध्ये आणि अमेरिकी नेते रॉबर्ट केनेडी १९६८ मध्ये याच दिवशी गेले. केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या त्या मात्र ५ जूनला, मध्यरात्र उलटल्यावर काही मिनिटांत. हल्ल्याची तारीख आणि मृत्यूची तारीख यांची सरमिसळ याद्यांमध्ये सर्रास दिसते.

कन्नड साहित्यिक मास्ती वेंकटेश अय्यंगार यांची जयंती आणि पुण्यतिथी दोन्ही ६ जूनलाच येतात: जन्म १८९१, निधन १९८६. छपाईत चूक झाली असे समजून कोणी एक ओळ खोडते. ती चूक नाही.

राज्याभिषेक ६ जूनचा की १६ जूनचा?

दोन्ही तारखा बरोबर आहेत, दिनदर्शिका वेगळ्या आहेत. ६ जून १६७४ ही ज्युलियन, म्हणजे युरोपातल्या जुन्या दिनदर्शिकेची तारीख. आज आपण जी ग्रेगोरियन दिनदर्शिका वापरतो तिच्यानुसार तोच दिवस १६ जून १६७४ ठरतो.

ज्युलियन तारीख रूढ होण्याचे कारण इंग्रज. राज्याभिषेकाला हजर असलेला ईस्ट इंडिया कंपनीचा वकील (दूत) हेन्री ऑक्झिंडेन मुंबईहून आला होता आणि इंग्लंडने ग्रेगोरियन दिनदर्शिका स्वीकारली ती थेट १७५२ च्या सप्टेंबरात. त्यामुळे त्याच्या कागदात ६ जून आहे. पुढे इंग्रजी अमलात तयार झालेल्या जंत्र्यांनीही (तिथी-तारखांच्या तक्त्यांनीही) १७५२ पर्यंतच्या तारखा ज्युलियनच धरल्या आणि आपल्या इतिहासलेखनात त्याच रुळल्या. गोव्याचे पोर्तुगीज मात्र सोळाव्या शतकातच नव्या दिनदर्शिकेवर गेले होते. वेंगुर्ल्याच्या वखारीतले डचही तीच वापरत. म्हणजे १६७४ च्या त्या पहाटे मुंबईच्या दफ्तरात ६ जून होता आणि पणजीच्या बाजूला १६ जून. पोर्तुगीज किंवा डच पत्राचा हवाला देताना हे विसरले की घटनाक्रम दहा दिवसांनी सरकतो.

लिहिताना ६ जूनच लिहावे. ती रूढ आहे, सरकारी आहे, आणि १९ फेब्रुवारी १६३० (जन्म) व ३ एप्रिल १६८० (निधन) याही त्याच पद्धतीच्या आहेत. पाळायचे पथ्य एकच: एका यादीत एकच पद्धत. एखादा उत्साही संपादक राज्याभिषेकाची तारीख १६ जून करतो आणि जिजाऊंच्या निधनाची १७ जून १६७४ तशीच ठेवतो. मग वाचणाऱ्याला वाटते की राज्याभिषेकाच्या दुसऱ्याच दिवशी जिजाऊ गेल्या. मधले अंतर अकरा दिवसांचे आहे.

ज्युलियनवरून ग्रेगोरियन करताना किती दिवस मिळवायचे?

दरवेळी दहा नव्हे. शतक बघावे लागते:

- १५८२ च्या ऑक्टोबरपासून १७०० च्या फेब्रुवारीअखेर: १० दिवस
- १७०० च्या मार्चपासून १८०० च्या फेब्रुवारीअखेर: ११ दिवस
- १८०० च्या मार्चपासून १९०० च्या फेब्रुवारीअखेर: १२ दिवस
- १९०० च्या मार्चपासून २१०० च्या फेब्रुवारीअखेर: १३ दिवस

फरक वाढतो तो १७००, १८०० आणि १९०० या वर्षांमुळे. ज्युलियन पद्धतीत ती लीप वर्षे होती, ग्रेगोरियनमध्ये नाहीत. १६०० दोन्हीकडे लीप होते, म्हणून सतराव्या शतकात फरक दहाच राहिला.

इंग्रजी कागदांत आणखी एक खोच आहे. १७५२ पूर्वी इंग्लंडचे कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे आपण ज्याला फेब्रुवारी १६७४ म्हणू, ते पत्र फेब्रुवारी १६७३ चे म्हणून किंवा १६७३/७४ असे जोडवर्ष घालून लिहिलेले असते. जूनच्या नोंदींना याचा त्रास नाही. जानेवारी ते २४ मार्च या काळातल्या नोंदी मात्र वर्षभराने चुकतात.

जेधे शकावलीत (जेधे घराण्याकडच्या शकवार नोंदींत) राज्याभिषेकाला ज्येष्ठ शुद्ध १२, शुक्रवार आहे. आपण त्रयोदशी, शनिवार म्हणतो. चूक कोणाची?

कोणाचीच नाही. शकावलीतली नोंद पूर्ण वाचली की उलगडा होतो: शुक्रवारी तीन घटका रात्र उरली असताना महाराज सिंहासनावर बसले, असे तिथे आहे. एक घटका २४ मिनिटांची, म्हणजे सूर्योदयाला ७२ मिनिटे बाकी असतानाची ही गोष्ट. आपल्या परंपरेत वार सूर्योदयाला बदलतो. पहाट झाली तरी सूर्य उगवेपर्यंत शुक्रवारच चालू, आणि त्या शुक्रवारी सूर्योदयाला द्वादशी होती म्हणून दिवस द्वादशीचा. प्रत्यक्षात द्वादशी शुक्रवारी दिवसाच संपून त्रयोदशी लागली होती, म्हणून सिंहासनारोहणाच्या क्षणाची तिथी त्रयोदशी. इंग्रजी तारीख मध्यरात्रीच बदलून गेलेली, म्हणून ६ जून, शनिवार.

पहाटेच्या आणि मध्यरात्रीच्या सगळ्या जुन्या नोंदींना हा नियम लावून बघावा. एका दिवसाचा फरक दिसला की आधी वेळ कोणती हे पाहायचे, लेखकाला दोष नंतर.

मोबाइलवर ६ जून १६७४ ला बुधवार दिसतो. का?

कारण बहुतेक ॲप आजची ग्रेगोरियन दिनदर्शिकाच उलटी मागे नेत जातात. त्या हिशेबाने ६ जून १६७४ खरोखरच बुधवार येतो. तिथेच १६ जून १६७४ टाका, शनिवार येईल. वाराची ही पडताळणी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत भरवशाची आहे: मूळ कागदात वार असेल तर ज्युलियन तारखेत योग्य तितके दिवस मिळवून मोबाइलवर वार पाहा. जुळला तर रूपांतर बरोबर. एका दिवसाने चुकला तर सूर्योदयाचा मुद्दा तपासा. तीन-चार दिवसांनी चुकला तर दिनदर्शिका बदलायची राहिली आहे.

एक्सेलच्या भरवशावर राहू नका. त्याच्या तारखा १९०० पासून सुरू होतात. त्याआधीची तारीख तो साधा मजकूर समजतो आणि तिच्यावर हिशेब करत नाही.

शकाचे इसवी सन कसे करायचे?

चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवायचे. जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९. राज्याभिषेक शके १५९६, ज्येष्ठ: १५९६ + ७८ = १६७४. शिवजन्म शके १५५१, फाल्गुन वद्य ३: १५५१ + ७९ = १६३०. इथे ७८ मिळवून १६२९ छापलेले फलक दिसतात. पौष महिना डिसेंबर-जानेवारीच्या सांध्यावर असतो, तिथे जंत्रीशिवाय पुढे जाऊ नये.

मराठी कागदांतला अरबी शुहूर सन आणखी वेगळा. तो मृग नक्षत्राला बदलतो, म्हणून त्याला मृगसाल म्हणतात. त्यात मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवायचे. आपली ६ जूनची घटना नेमकी हे वर्ष बदलण्याच्या तोंडाशी येते, त्यामुळे मे-जूनच्या पत्रांवरचा शुहूर सन दोनदा तपासावा.

पक्षाचेही लक्षात ठेवा. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. शुद्ध पक्षात महिन्याचे नाव दोन्हीकडे एकच, म्हणून ज्येष्ठ शुद्ध १३ ला अडचण नाही. वद्य पक्षात उत्तरेकडचे नाव एक महिना पुढे असते: आपला फाल्गुन वद्य ३ म्हणजे तिकडचा चैत्र कृष्ण ३.

तिथीने राज्याभिषेक दिन दरवर्षी वेगळ्या तारखेला का येतो?

चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान. म्हणून तिथी दरवर्षी साधारण ११ दिवस अलीकडे येते आणि मध्ये अधिक महिना पडला की १८-१९ दिवस पलीकडे जाते. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी २०२३ मध्ये २ जूनला होती, २०२४ मध्ये २० जूनला (मध्ये अधिक श्रावण होऊन गेला होता), २०२५ मध्ये ९ जूनला.

२०२६ मध्ये खास घोळ आहे, कारण ज्येष्ठच अधिक आहे. अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून. जयंती-उत्सव निज महिन्यात (अधिक महिन्यानंतर येणाऱ्या त्याच नावाच्या नेहमीच्या महिन्यात) करायचे असतात, म्हणून राज्याभिषेकाची तिथी जूनच्या शेवटच्या आठवड्यात जाते. घाईत दिनदर्शिकेतला पहिला ज्येष्ठ पाहून मे महिन्याअखेरची तारीख छापू नका.

३५० वर्षे कधी झाली? २०२३ ला की २०२४ ला?

६ जून २०२४ ला ३५० वर्षे पूर्ण झाली. २०२३ ला ३५०वे वर्ष सुरू झाले, आणि त्या वर्षभर सोहळे झाले. "पूर्ण" हवे असेल तर चालू वर्षातून मूळ वर्ष वजा करायचे, बस. "कितवे वर्ष सुरू" हवे असेल तर त्यात एक मिळवायचा. फलकावर नुसते "३५१वा" लिहिण्यापेक्षा "३५१ वर्षे पूर्ण" किंवा "३५२वे वर्ष सुरू" असे लिहावे. दोन्ही २०२५ लाच लागू आहेत.

६ जून १८८२ च्या मुंबईतल्या चक्रीवादळात एक लाख माणसे मेली हे खरे आहे का?

नाही. ही नोंद काढून टाका. जगातल्या सर्वांत भीषण वादळांच्या याद्यांमध्ये ती वर्षानुवर्षे होती, तिथून दिनविशेषात शिरली, आणि अजून दर जूनमध्ये फिरते.

ती खोटी कशी ठरते ते पाहण्यासारखे आहे. १८८१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ७,७३,१९६ होती. एक लाख मृत्यू म्हणजे आठातला जवळजवळ एक माणूस. एवढा संहार झाला असता तर शहराचा पुढचा सगळा इतिहासच त्याभोवती लिहिला गेला असता. १८८२ ची मुंबई काही आडगाव नव्हती. रोजची इंग्रजी आणि गुजराती वृत्तपत्रे निघत होती, कुलाब्याची वेधशाळा हवेच्या दाबाची आणि वाऱ्याची नियमित नोंद ठेवत होती, बंदरात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक जहाजाचा हिशेब होता, तार होती. अलीकडे मुंबईच्या चक्रीवादळांच्या धोक्याचा अभ्यास करणाऱ्या हवामानशास्त्रज्ञांनी त्या काळचे पुरावे चाळले तेव्हा अशा वादळाचा मागमूस मिळाला नाही.

मग एवढी वर्षे टिकली कशी? ही नोंद ऐकायला खरी वाटते. जूनचा पहिला आठवडा अरबी समुद्रातल्या वादळांचाच. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आले. तारीख नेमकी, आकडा गोल, आणि एका यादीने दुसरीवरून उतरवलेली. गोल आकडा, नेमकी तारीख आणि एकाही माणसाचे, जहाजाचे किंवा वस्तीचे नाव नाही, असे त्रिकूट दिसले की ती नोंद त्या काळच्या वृत्तपत्रात सापडेपर्यंत बाजूला ठेवावी. दहा संकेतस्थळांवर आहे हा पुरावा नव्हे. दहाही ठिकाणी वाक्य तेच असेल तर स्रोत एकच आहे.

एकच घटना कोणी ५ जूनला तर कोणी ६ जूनला का लिहिते?

देशोदेशीच्या वेळा वेगळ्या म्हणून. सर्वांत स्वच्छ उदाहरण २०१२ च्या शुक्राच्या अधिक्रमणाचे, म्हणजे शुक्र सूर्यबिंबासमोरून सरकण्याचे. भारतीय वेळेनुसार ते ६ जूनला पहाटे ३:४० च्या सुमारास सुरू झाले आणि सकाळी सव्वादहा उलटल्यावर संपले. महाराष्ट्रात सूर्य उगवला तोच शुक्राचा ठिपका अंगावर घेऊन. अमेरिकेत मात्र लोकांनी ते ५ जूनच्या दुपारी-संध्याकाळी पाहिले. दोन्ही नोंदी खऱ्या. आपण आपल्यासाठी लिहीत असू तर ६ जून, आणि शेजारी "भारतीय वेळ" एवढे दोन शब्द. पुढचे अधिक्रमण डिसेंबर २११७ मध्ये आहे, तेव्हा दुरुस्तीला भरपूर अवधी मिळेल.

नॉर्मंडीचेही तसेच. अमेरिकी सैनिक किनाऱ्यावर उतरू लागले तेव्हा तिथे सकाळचे साडेसहा, न्यूयॉर्कमध्ये मध्यरात्रीनंतरचा अर्धा तास, आणि भारतात सकाळचे अकरा, कारण युद्धकाळात आपली प्रमाणवेळ तासभर पुढे नेलेली होती. छत्रीधारी सैनिक फ्रान्समध्ये मध्यरात्रीनंतर उतरले, तेव्हा अमेरिकेत ५ जूनची संध्याकाळ होती. नियम सरळ आहे: जमिनीवरच्या घटनेला घटनास्थळाची तारीख. त्या दिवशी सुमारे १,५६,००० सैनिक उतरले. मूळ बेत ५ जूनचा होता, खराब हवामानामुळे एक दिवस पुढे गेला. जुन्या पुस्तकात ५ जून दिसला तर तो बहुधा या बेताचा.

पुश्किनचा जन्म २६ मे की ६ जून? आणि व्हेलाझक्वेझचा?

पुश्किनचा रशियातल्या जुन्या पद्धतीने २६ मे १७९९, ग्रेगोरियन ६ जून. अठराव्या शतकाचा फरक ११ दिवस, हिशेब जुळतो. रशियाच्या नावाने सवयीने १३ दिवस मिळवले तर ८ जून येतो आणि चुकतो. तेरा हा आकडा विसाव्या शतकातला. संयुक्त राष्ट्रांचा रशियन भाषा दिन पुश्किनच्या जन्मदिनामुळेच ६ जूनला असतो.

स्पॅनिश चित्रकार व्हेलाझक्वेझची अडचण निराळी. ६ जून १५९९ ही त्याच्या बाप्तिस्म्याची तारीख आहे, सेव्हिलच्या चर्चमधल्या नोंदीतली. जन्म त्याआधीचा. याद्या बिनदिक्कत "जन्म" लिहितात. "बाप्तिस्मा" असेच लिहावे. गोव्यातल्या आणि वसईतल्या जुन्या कुटुंबांच्या नोंदी चर्चच्या वहीतून घेतानाही हीच काळजी लागते.

स्वीडनच्या बाबतीत कोणती तारीख धरतात?

६ जून १५२३ ला गुस्ताव्ह वासा राजा म्हणून निवडला गेला, आणि ६ जून १८०९ ला तिथली नवी राज्यघटना झाली. पहिली तारीख ज्युलियन, दुसरी ग्रेगोरियन, कारण स्वीडन १७५३ मध्ये बदलला. स्वीडिश लोकांनी रूपांतर न करता दोन्ही एकाच दिवशी ठेवल्या. आपण राज्याभिषेकाचे जे करतो तेच.

अनेक दिवस चाललेली घटना आणि वादग्रस्त आकडे कसे लिहायचे?

१९८४ च्या अमृतसरमधल्या लष्करी कारवाईची मुख्य चढाई ५-६ जूनच्या रात्री झाली. कारवाई मात्र अनेक दिवस चालली. अशा वेळी "६ जूनला ऑपरेशन ब्लू स्टार झाले" हे वाक्य अपुरे. "५-६ जूनच्या रात्री मुख्य चढाई" हे बरोबर.

६ जून १९८१ ला बिहारमध्ये प्रवासी गाडी पुलावरून बागमती नदीत कोसळली. मृतांचे आकडे काहीशेपासून त्याच्या दुपटी-तिपटीपर्यंत जातात, कारण वाहून गेलेल्यांची मोजणीच झाली नाही. सर्वांत मोठा आकडा उचलायचा मोह होतो. "शेकडो मृत्यू" एवढेच लिहा.

एक नोंद नीट लिहायची तर काय काय असावे?

मूळ कागदातली तारीख जशी आहे तशी, तिची दिनदर्शिका, ठिकाण, आणि घटनेचा प्रकार (जन्म, बाप्तिस्मा, हल्ला, मृत्यू, घोषणा की अंमल). वर्षगाठ देत असाल तर "पूर्ण" की "सुरू" तेही. नमुना:

"६ जून १६७४ (ज्युलियन, ग्रेगोरियन १६ जून), शनिवार पहाट, ज्येष्ठ शुद्ध १३, शके १५९६, आनंदनाम संवत्सर, रायगड: शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक."

फळ्यावर एवढे मावत नाही. तिथे तारीख, वर्ष, ठिकाण, घटना पुरे, पण वहीत पूर्ण नोंद हवी. पुढच्या वर्षी कोणीतरी १६ जूनचा प्रश्न विचारणारच. संवत्सराचे नाव तपासणीला उपयोगी पडते: साठ नावांचे चक्र असल्याने शकाचा एखादा आकडा चुकला तर नाव जुळत नाही.

फळ्यावर किती नोंदी घ्याव्यात?

तीन-चार. त्यात एक आपल्या जिल्ह्याची किंवा राज्याची, एक देशाची, एक जगाची. वीस जन्मदिवसांची यादी कोणी वाचत नाही.

६ जूनला सरकारी सुट्टी असते का?

नाही. महाराष्ट्रात शिवजयंतीची सार्वजनिक सुट्टी १९ फेब्रुवारीला असते. ६ जून हा २०२१ पासून शिवस्वराज्य दिन म्हणून जिल्हा परिषदा, पंचायत समित्या आणि ग्रामपंचायतींमध्ये भगवा स्वराज्यध्वज उभारून साजरा होतो, पण कार्यालये चालू असतात. शाळांना तेव्हा बहुधा उन्हाळ्याची सुट्टी असते, म्हणून शाळेच्या फळ्यासाठी ही नोंद शाळा उघडण्याच्या दिवशी घ्यावी, आणि शेजारी त्या वर्षीच्या तिथीची तारीखही द्यावी. २०२४ आणि २०२६ सारख्या वर्षी ती शाळा सुरू झाल्यावरच येते.